डावीकडचा श्वास

माझ्या डोक्यातली गाठ काढली त्याला आता तीन महिने होतील. केस बोटभर वाढलेत. डावा हात कपबशी धरताना अजून थरथरतो, बाकी मी ठणठणीत आहे. माझी मुलगी प्रज्ञा पाठीमागे लागलीय, "आई, लिहून काढ. असं दुसऱ्या कुणाला होत असेल तर त्याला कळेल तरी." मी म्हटलं, असं दुसऱ्या कुणाला कशाला होतंय? तर म्हणते, "तुलाही असंच वाटत होतं ना?" पोरगी माझ्यावर गेलीय, तिला बोलण्यात हरवणं अवघड.

तर मी देवळाली प्रवराच्या अलीकडे एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. वय चोपन्न. घर बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून. भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही मी मानत नाही. आधीही मानत नव्हते, आत्ताही नाही. हे पहिल्यांदाच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला माझी शंका येईल. मलाही येत होती.

कारखाना बंद असताना

आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा वास भरतो. साखर काढून झाल्यावर मागे जो काळा चिकट पाक उरतो, ती मळी. बाहेरचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

मागच्या जूनमध्ये, शाळा उघडल्या त्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला मला तो वास आला. जळका, गोडूस, घशात बसणारा. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "आज मळीचा वास किती सुटला होता." हे, म्हणजे प्रज्ञाचे पप्पा, एकतीस वर्षं कारखान्यात साखर शिजवून निवृत्त झालेत.

"अगं, कारखाना बंद होऊन अडीच महिने झाले," ते म्हणाले.

"तुमचं नाक कारखान्यानं मारलंय."

ते हसले आणि विषय संपला. बंद कारखान्याचा वास मला दर दोन-तीन दिवसांनी येत राहिला. कधी दुपारी चारला, कधी सकाळी ध्यानाला बसल्यावर. वास यायचा, मग पोटातून काहीतरी ऊन ऊन वर चढायचं, छातीपर्यंत, आणि सगळं थांबल्यासारखं व्हायचं. पंखा फिरताना दिसायचा, पण त्याचा आवाज नसायचा. अर्धा मिनिट असं जायचं, मग सगळं पहिल्यासारखं.

तुमच्यापैकी कुणाला नसलेला वास येत असेल तर नाकाला दोष देत बसू नका, डॉक्टरकडे जा. मी गेले नाही. मला वाटलं, माझं ध्यान पिकायला लागलंय.

शेजारी

पंधरा वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या शिबिरात मी आनापान शिकले. नाकपुडीशी लक्ष ठेवायचं. श्वास आला तर आला, गेला तर गेला. एवढंच करायचं असतं आणि तेवढंच जमत नाही. दर रविवारी सकाळी आमच्या विहारात मी बायकांना हे शिकवते. घरी तासभर मांडी घालून बसायला कुणाला सवड आहे? म्हणून मी सांगायचे, "भाकरी थापताना भाकरीच थापा, मनातल्या मनात सासूला थापू नका." बायका हसायच्या, पण करून बघायच्या. भांडी घासताना हाताला लागणारं पाणी, चालताना जमिनीला टेकणारी टाच. आपण जिथं आहोत तिथं असणं, म्हणजे सजगता. हे वाक्य माझं ठरलेलं होतं.

आषाढातली एक सकाळ, घरी ध्यानाला बसले होते. उजाडलेलं होतं. मळीचा वास आला, ऊब वर चढली, पंखा मुका झाला. श्वास आला, श्वास गेला. आणि माझा गेल्यावर अर्ध्या क्षणानं, डावीकडे, जरा मागे, आणखी एक श्वास गेला.

मी डोळे उघडले. डावीकडे भिंत आणि भिंतीला टेकवलेली चटई. डोळे मिटले तर श्वास तिथंच. मी माझा श्वास रोखून धरला. त्यानंही रोखला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेवटी मला सोडावाच लागला आणि माझ्यामागून त्यानं सोडला.

भ्याले का? भ्याले. मानेपासून कमरेपर्यंत काटा आला. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मी त्याची वाट बघत बसले.

पुढं तो शाळेतही यायला लागला. शेवटच्या खेळाच्या तासाला मुलं मैदानात जातात आणि मी वर्गात एकटी वह्या तपासत बसते. मुलांचा गलका एकदम बंद व्हायचा आणि माझ्या डाव्या हाताला कुणी बसलं की जसं वाटतं तसं वाटायचं. एकदा मी खुर्ची उजवीकडे ओढून घेतली, अडचण नको म्हणून. कुणाची अडचण, ते मी स्वतःला विचारलं नाही.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, एक म्हातारे भन्तेजी आमच्या विहारात मुक्कामाला असतात. त्यांना मी हे सांगितलं. ते चष्मा पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "वास आला तर वास येतोय म्हणा. ऐकू आलं तर ऐकू येतंय म्हणा. कोण आहे, हे मात्र विचारू नका. आणि एकदा डॉक्टरला दाखवून या."

पहिला भाग मी वहीत लिहून ठेवला. शेवटचं वाक्य सोयीनं विसरले.

"कोन हाय वो तिथं?"

कुसुम आमच्या वाडीपलीकडच्या मळ्यातली, शेतकरी घरातली. तिचा मुलगा गणेश चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. गेल्या हंगामात त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि तो जागेवरच गेला. चोवीस वर्षांचा होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुसुम देवऋष्याकडे जायला लागली. लिंबू झालं, नारळ झाला, अंगारा झाला. मी तिला रस्त्यात गाठून झाडलं. "त्या माणसाला काय कळतंय गं? त्यापेक्षा माझ्याकडे येऊन बस, श्वास बघ."

ती खरंच आली. त्यांच्या वस्तीवरून आमच्या विहारात येऊन बसणारी ती पहिलीच बाई. भावकी बोलली, नवरा बोलला, तरी येत राहिली. मला त्याचा केवढा अभिमान वाटला ते लपवून उपयोग नाही. माझं अर्धं आजारपण त्या अभिमानातच आहे.

श्रावणातल्या एका रविवारी ध्यान संपलं, बायका गेल्या, कुसुम तेवढी मागे राहिली. मळीचा वास आला. मी बहुतेक डावीकडे बघितलं असणार, कारण कुसुमही तिकडे बघायला लागली.

"बाई, कोन हाय वो तिथं?"

जे विचारू नका म्हणून भन्तेजींनी सांगितलं होतं, ते तिनं विचारलं. कुणी नाही गं, असं मी म्हणू शकत होते. मी म्हटलं, "आहे कुणीतरी."

"गण्या हाय का?"

मी काही बोलले नाही. मान हलवली का, ते मला आठवत नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या डावीकडच्या रिकाम्या चटईकडे बघून विचारलं, "जेवलास का रं?"

देवऋषी निदान नारळ तरी मागतो. मी काही न मागता तेच केलं. पुढच्या रविवारपासून कुसुम त्या चटईपाशी वाटीत शिरा ठेवायला लागली. बाईंना काहीतरी प्राप्त झालंय, अशी बायकांत कुजबुज झाली. वीस यायच्या त्या चाळीस यायला लागल्या. मी त्यातल्या एकीलाही गप्प केलं नाही.

प्रज्ञाचा मोबाईल

प्रज्ञा राहुरीला औषधाच्या दुकानात काम करते. भाद्रपदात एका रविवारी तिनं विहारात माझा व्हिडिओ काढला, स्टेटसला टाकायला. संध्याकाळी मोबाईल माझ्या हातात दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

त्या सकाळचं मला चांगलं आठवत होतं. इतकं स्वच्छ ध्यान मला कधी लागलं नव्हतं. व्हिडिओत मी पाठ ताठ करून बसलेय. डोळे अर्धे उघडे. ओठ हलतायत, काहीतरी चघळावं तसे. उजवा हात पदराचा काठ चिमटीत धरतोय, सोडतोय, परत धरतोय. मागून प्रज्ञाचा आवाज येतो, "आई. ए आई." मी तिच्याकडे बघते. म्हणजे डोळे बघतात, त्यांच्यात मी नाही.

मग कुसुमचा आवाज. "बाई, आज काय म्हनतोय त्यो?"

आणि व्हिडिओतली बाई माझ्याच आवाजात म्हणते, "बसलाय."

यातलं काहीही मला आठवत नव्हतं. प्रज्ञानं हाक मारल्याचं नाही, कुसुमनं विचारल्याचं नाही, मी बोलल्याचं नाही. एकावन्न सेकंदांचा तो व्हिडिओ मी तीनदा बघितला. आपण जिथं आहोत तिथं असणं, हे मी चाळीस बायकांना शिकवत होते, आणि ज्या वेळी मी सगळ्यात जास्त तिथं आहे असं मला वाटत होतं, त्याच वेळी मी तिथं नव्हते. मग "बसलाय" असं कोण म्हणालं? आजारपणातली सगळ्यात भीतीची गोष्ट कुठली असं विचाराल तर मी ऑपरेशन सांगणार नाही, ते एकावन्न सेकंद सांगेन.

"कधीपासून बघतेयस हे?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. भाकरी करताना पण अशी होतेस. मी काही म्हटलं की तू म्हणायचीस, मी सजग आहे." एवढं बोलून ती रडायला लागली.

नगरला

नाव अहिल्यानगर झालं तरी आजारी माणूस अजून नगरलाच जातो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मला नळीच्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे.

"मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ आहे. साधी दिसतेय, कॅन्सरची वाटत नाही. पण ती मेंदूला दाबतेय, त्यामुळे तुम्हाला फिट येतायत."

"फिट? मी तर कधी पडलेसुद्धा नाही."

"सगळ्या फिटमध्ये माणूस पडत नाही. नसलेला वास येतो, पोटातून काही वर चढतं. कधीकधी शेजारी कुणी असल्यासारखं वाटतं."

शेजारचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. यांनाही सांगितलं नव्हतं. मी हळूच विचारलं, "डाव्या बाजूला?"

"गाठ उजवीकडे आहे, म्हणजे बहुतेक डाव्याच."

त्यांनी फिल्म दिव्यासमोर लावली. लिंबाएवढा पांढरा गोळा. ज्याला मी खुर्ची सरकवून जागा करून दिली, तो हा. यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "काढून टाकू आपण." मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. मी आणि तो शेजारचा, आमच्या दोघांतलं काहीतरी तिसऱ्या माणसानं दाराआडून ऐकल्यासारखा राग.

रोहिणी

ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरांनी सांगून फिटच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, वर्षावास संपू दे. यावरून घरात रोज वाजायला लागलं. यांचं म्हणणं, "आधी ते काढून घे, आणि कुणाला बोलू नकोस. लोक म्हणतील ध्यान करून बाईचं डोकं फिरलं." प्रज्ञाचं म्हणणं, "आणि कुसुममावशीला काय सांगायचं?" मी दोघांवर ओरडायचे.

खरं कारण लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तो जायला नको होता मला. गोळ्यांनी तो अशक्त झाला होता. त्याचा श्वास उशिरा यायचा, लांबून यायचा, कधी यायचाच नाही. मी गोळ्या चुकवायला लागले. प्रज्ञाला हे वाचल्यावरच कळेल. प्रज्ञा, रागवू नकोस.

अशातच एक दिवस खेळाच्या तासाला वर्गाच्या दारात रोहिणी येऊन उभी राहिली. गणेशची बायको, बावीस वर्षांची.

"बाई, ते खरंच असत्यात का तुमच्याकडं?"

मग तिनं सगळं सांगितलं. तिचे आईवडील संगमनेरहून आले होते, पोरीला परत नेऊन तिचं दुसरं लग्न लावून द्यावं म्हणून. कुसुमनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की गण्या अजून हितंच हाय, बाईंनी बघितलाय, त्याच्यादेखत त्याच्या बायकूचं लगीन कसं लावू? आईवडील तसेच परत गेले.

"ते असतील तर त्यांना सांगा ना," रोहिणी खाली बघून म्हणाली, "मला जाऊ द्या म्हनून."

घंटा झाली तशी ती निघून गेली. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मग सोपं आहे. कुसुमला सांग, गणेश म्हणतोय, रोहिणीला जाऊ दे. पोरगी सुटेल आणि कुसुमलाही बरं वाटेल."

खरंच सोपं होतं. दोन दिवस ते वाक्य माझ्या जिभेवर बसून होतं. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, लहानपणापासून रोज म्हणत आलेय. पोरीच्या भल्यासाठी ते एकदा मोडावं, असंही वाटून गेलं. पण ते वाक्य मी बोलले असते तर गणेश त्या चटईवरून कधी उठलाच नसता. आज जाऊ दे म्हणाला, उद्या कुसुम विचारणार, तिकडं सुखात हाय का त्यो? मग जन्मभर मी त्याच्या वतीनं बोलत बसायचं. एका आईचा मुलगा मी असा वापरायचा का?

मी ऑपरेशनची तारीख घेतली. ते झालं की कुसुमला खरं सांगायचं ठरवलं. आधीच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. तो डाव्या हाताला बसलेला असताना तो नाही असं म्हणायला माझी जीभ वळली नसती.

नळीत

दवाखान्यात सकाळी सहाला सिस्टर यायची. "आजी, नाव सांगा. आज वार कोणता? हात वर करा." मी रोज सांगायचे की मी आजी नाही, बाई आहे, आणि ती रोज लिहून घ्यायची की पेशंट शुद्धीवर आहे. वॉर्डातल्या मावशींनी माझे केस काढायच्या आधी ते विंचरून त्यांची वेणी घातली, मग वेणी कापून पिशवीत घालून प्रज्ञाच्या हातात दिली. "बायांचे केस मी कचऱ्यात टाकत नाई," म्हणाल्या. त्या बाईचं नावही मला माहीत नाही, पण आठवण रोज येते.

आदल्या दिवशी परत एकदा फोटो काढायला मला नळीत घातलं. डोकं पिंजऱ्यात अडकवलेलं, तोंडापुढे वीतभर जागा, भोवती ठोकल्याचा आवाज. तिथं एका माणसाला कूस बदलता येत नाही. आणि मळीचा वास आला. ठोकल्याचा आवाज नाहीसा झाला. तो माझ्या डाव्या खांद्याला लागून आडवा झाला.

हातात एक रबरी फुगा दिला होता, घाबरलात तर दाबा म्हणून. मी तो धरून ठेवला. वास येतोय, मी मनात म्हटलं. ऊब चढतेय. कुणीतरी असल्यासारखं वाटतंय. भीती वाटतेय. कोण, ते विचारलं नाही. थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पंधरा वर्षं ध्यान करून ही गोष्ट मी पहिल्यांदा केली, आणि ती मरणाच्या भीतीनं केली.

तो जवळ सरकला, पार कानापर्यंत. त्याचा श्वास आजवर माझ्यामागून यायचा, तो हळूहळू माझ्या श्वासाला येऊन मिळाला. दोन्ही एकदम आत, दोन्ही एकदम बाहेर. त्यातला माझा कुठला, ते मला ओळखता येईना. मग ठोकल्याचा आवाज परत सुरू झाला आणि कुणीतरी माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

रिकामी बाजू

शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा डावीकडे कान दिला. तिथं काही नव्हतं. सलाईनचा स्टँड होता आणि त्याच्यापलीकडे यांचा चेहरा. "निघाली गं सगळी," हे म्हणाले आणि माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागले. मी रडले. त्यांना वाटलं आनंदानं, सिस्टरला वाटलं दुखतंय म्हणून. मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगते, आजार गेल्याचंही दुःख होतं. त्याची लाज वाटून घेऊ नका, कुणाला तरी सांगा.

घरी येऊन तीन आठवडे झाले तेव्हा मी कुसुमला बोलावून घेतलं. प्रज्ञाला आणि यांना बाहेर जायला सांगितलं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून तिला गोळा दाखवला. मळीचा वास, फिट, व्हिडिओ, सगळं सांगितलं. म्हटलं, "गणेश तिथं कधीच नव्हता, कुसुम. तिथं कोण आहे ते मला माहीत नव्हतं, आणि तरी मी तुला नाही म्हटलं नाही. देवऋष्याला नावं ठेवून मीच देवऋषी झाले. रोहिणीला माझ्या शब्दावर अडवून धरू नकोस. माझा शब्द खोटा होता."

कुसुमनं फिल्म माझ्या हातातून घेतली. त्या पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवलं, हळूच, लेकराच्या गालावर ठेवावं तसं.

"म्हंजी," ती म्हणाली, "काढून टाकला व्हय त्याला?"

तिचं बोट गोळ्यावरून हललं नाही.

"मला सांगायचं तरी बाई. शेवटचं भेटले असते."

तिनं फिल्म पाकिटात नीट घालून माझ्या उशाशी ठेवली आणि ती निघून गेली.

मळीचा वास

त्यानंतर मी विहारातल्या बायकांनाही सगळं सांगितलं. हे नको म्हणत होते, तरी सांगितलं. चाळीस होत्या त्या बारा राहिल्या. एकीनं तोंडावर सांगितलं की डॉक्टरांनी बाईंची शक्ती काढून घेतली. कुसुम पाच रविवार आली नाही. मी बायकांना म्हणायचे, श्वास आला, श्वास गेला, आणि माझं अर्धं लक्ष दाराकडे असायचं. भाकरी थापताना कुसुमलाच थापत होते म्हणा ना.

गेल्या रविवारी बायका गेल्यावर मी थोडा वेळ एकटीच बसून राहिले. डोळे मिटले. श्वास आला, श्वास गेला. आणि मळीचा वास आला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशी गाठ कधीकधी परत येते. मी पोटाकडे लक्ष दिलं, ऊब चढतेय का बघायला. कळेना. थंडीमुळे पंखा बंदच होता, त्याचा आवाज थांबला की नाही हे ताडून बघायला काहीच नव्हतं. वास मात्र येत होता, जळका, गोडूस, घशात बसणारा. आणि मग डावीकडे, जरा मागे, अर्ध्या क्षणानं, एक श्वास गेला.

वास येतोय, मी म्हटलं. श्वास ऐकू येतोय. भीती वाटतेय. कोण, ते विचारलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो श्वास जरा दमलेला होता, चालून आल्यासारखा.

"येत्या रविवारी रोहिनीला बघाया मानसं येनार हायेत," डावीकडून आवाज आला. "तिचं आईबाप बी येत्यात. तुमी या. टकुऱ्यावर पदर घिऊन या तेवढा, न्हाईतर पावनं भेतील."

मी डोळे उघडून बघितलं. कुसुम होती. शिऱ्याची वाटी जिथं ठेवायची त्या चटईवर मांडी घालून बसली होती. रडून आलेली दिसत होती. आधी तिची क्षमा मागायला हवी होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कुसुम, तुला मळीचा वास येतोय का गं?"

"येतोय की," ती म्हणाली. "कारखाना चालू हाय."

मग मी परत डोळे मिटले.